लॅपटॉप सुरू होईपर्यंत

प्रियदर्शनीच्या लॅपटॉपला जाग यायला इतका वेळ लागायचा, की माणसानं बटण दाबून मागच्या दारी जावं, गवती चहाची पात तोडून आणावी, आधण ठेवावं, चहा उकळावा, गाळावा, फुंकून फुंकून प्यावा आणि परत येऊन बघावं, तर पडद्यावरचं ते पांढरं चक्र आपलं गरगर फिरतंच आहे. नुसतं फिरलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण आतून कुर्रकुर्र असा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. अंथरुणात कूस बदलणाऱ्या माणसासारखा. असून अडचण, नसून खोळंबा, अशातली गत.

"जागा हुतोय बग," राहीबाई म्हणायच्या. "घाई करू नगंस त्येला. झोपंतनं दचकून उठवलं की दिवसभर चिडचिडतंय माणूस."

राहीबाई म्हणजे तिच्या सासूबाई. घरात या दोघीच. रहिमतपूरपासून थोडं आत, उसाच्या फडाला लागून दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. रान वाट्यानं दिलेलं. प्रियदर्शनी एवढं लांबलचक नाव काही राहीबाईंच्या जिभेला पेलायचं नाही, म्हणून सून आल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी तिची दर्शी करून टाकली होती. सून त्यांना आत्या म्हणायची.

लॅपटॉप शिवतेजचा. राहीबाईंचा एकुलता एक मुलगा आणि दर्शीचा नवरा. फौजेत होता. मिलिटरीच्या कँटीनमधून मोठ्या हौसेनं त्यानं तो आणला होता, पिक्चर बघायला म्हणून. वर बर्फात राहिला, वाळवंटात राहिला, अंगाला ओरखडा नाही. आणि सुट्टीवर घरी येताना मोटारसायकल लोणंदच्या पुढं ट्रकखाली गेली. काय म्हणावं असल्या नशिबाला! त्याला घरी आणलं तेव्हा बायकांनी दर्शीला पुढं जाऊच दिलं नाही. "बगू नगंस पोरी, हाय तसा ध्यानात ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. चांगल्या मनानंच म्हणाल्या बिचाऱ्या. पण झालं भलतंच. तो तिच्या ध्यानातच राहिना. फोटोत दिसायचा, फोटो मिटला की गेला. आणि स्वप्नात? एकदाही नाही! स्वप्नात शाळेतल्या बाई यायच्या, एसटीचा कंडक्टर यायचा, कधी न बघितलेली चार माणसं येऊन बसायची आणि चहा मागायची. ज्याच्यासाठी उशी ओली करून झोपावं, तो मात्र दाराशीसुद्धा फिरकायचा नाही.

तो यायचा राहीबाईंच्या स्वप्नात.

राहीबाईंचं माहेर पूर्वेकडं, माणदेशाच्या अंगाला, कुसळांचा आणि उन्हाचा मुलूख. तिकडं त्यांच्या घरात एक नियम होता. पडलेलं स्वप्न सांगायचं ते उन्हं उंबऱ्यावर यायच्या आत. उन्हं आली की स्वप्न शिळं, आणि शिळं स्वप्न सांगू नये. सांगितलं तर त्यातलं माणूस परत यायची वाट विसरतं म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण राहीबाई नियमाला पक्क्या. त्यामुळं दोघींचं रोजचं एक ठरून गेलं होतं. झुंजूमुंजू झालं की दर्शी पडवीत बसून बटण दाबायची, कुरकुर सुरू व्हायची, राहीबाई चहाच्या दोन कपबश्या घेऊन यायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. लॅपटॉप सुरू होईपर्यंतचा तो वेळ शिवतेजचा.

"दर्शी, आज आला हुता."

दर्शीची नजर चक्रावर. "कुठं?"

"फडात. ऊस डोक्याच्या वर गेलेला, अन् रानात सगळं पानीच पानी, गुडघाभर. त्यो आपला उसाच्या शेंड्यांवरनं चालतुया. अनवाणी. बूट हातात. म्या म्हणलं, आरं, शेंडं मोडतील की! तर म्हणला, आई, मला आता वजनच न्हाई."

"हसत हुता?"

"व्हय तर. पडका दात दिसला की मला."

"माझ्याबद्दल काय म्हणला?"

मग राहीबाई चहाचा एक घोट घ्यायच्या. बशीत फुंकर मारायच्या. "म्हणला, दर्शीनं केस कवा कापलं?"

दर्शीचा हात मानेवर गेला. खरंच की, परवाच तिनं शेंडे कापले होते! त्याला कसं कळलं? असल्या एका वाक्यावर ती दिवसभर जगायची.

कधी तो सांगलीच्या हळदीच्या पेठेत पोत्यांच्या थप्पीवर झोपलेला असायचा, नखापासून केसांपर्यंत पिवळा. "म्हणला, आई, मी परत नवरदेव झालो." कधी मेंढरांचा पांढरा कळप रस्त्यानं चाललेला असायचा, पायांचा आवाज नाही, घंटेचा आवाज नाही, आणि मधोमध हा हिरवा स्वेटर घालून चाललेला. मेंढरं त्याला वाट देत नव्हती आणि ढकलतही नव्हती. एकदा तर मिरजेकडं जाणारी पॅसेंजर अंगणात येऊन उभी राहिली, तुळशीला धक्का न लावता. तो खिडकीत. उतरायला परवानगी नव्हती, म्हणून त्यानं हात बाहेर काढून तांब्याभर पाणी मागितलं आणि गटागटा प्यायला. ते ऐकून दर्शी रडली होती. पण पाणी तरी मिळालं त्याला, हे एक बरं वाटलं होतं.

स्वप्न सांगून होतंय तोवर पडद्यावर चित्र उमटायचं, आणि मग दर्शी कानांत हेडफोन घालून कामाला लागायची.

काम असं. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर रात्री एक्स-रे आणि सीटी स्कॅन बघून त्यांचे रिपोर्ट बोलून ठेवायचे. ती रेकॉर्डिंगं पहाटे हिच्याकडं यायची आणि सकाळच्या राउंडच्या आत टाइप करून परत जायला लागायची. कॉलेजातली मैत्रीण अपेक्षा त्या दवाखान्यात नोकरीला होती, तिनंच हे मिळवून दिलं होतं. पोटापुरती पेन्शन यायची, त्यामुळं हे काम केलं नसतं तर चूल विझली असती असं काही नाही. पण त्या कामात ती कुणाची विधवा नव्हती, कुणाची सून नव्हती. कुठल्या तरी अनोळखी माणसाची छाती साफ आहे, हाड जुळलंय, हे तिच्या बोटांतून त्याच्या घरच्यांपर्यंत जायचं. अंथरुणातून उठायला तेवढं कारण तिला पुरायचं.

आणि नेमकं तेच आता जायला आलं होतं.

"प्रिया, अगं, काल राउंड सुरू झाला तरी तुझे दोन रिपोर्ट आले नव्हते," अपेक्षा फोनवर तडकली. "मोठे डॉक्टर माझ्यावर खेकसले! मी किती दिवस तुझ्यावर पांघरूण घालू? एक तर तो दगड फेकून दे, नाहीतर दुरुस्त तरी कर. पुढच्या महिन्यापासून काम पुण्याच्या लोकांना द्यायचं चाललंय इथं."

दर्शी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप शालीत गुंडाळून पॅसेंजरमध्ये बसली.

बिराप्पाचं दुकान मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. माणूस जतकडचा, घरची मेंढरं अजून रानोमाळ फिरत होती आणि हा इथं लॅपटॉपची पोटं उघडून बसलेला. त्यानं एक बटण दाबलं, कान लावला आणि कपाळावर हात मारला.

"काय ओ ताई, ह्येच्यात जीव कुठं राहिलाय! ह्येच्या आत एक थाळी असती. ती गरगर फिरती अन् वर एक सुई, कुठं काय ठिवलंय हुडकत बसती. तुमची थाळी पार खरवडून निघालीया. आज न्हाई तर उद्या बंद पडणार. एसएसडी टाकतो. तिच्यात फिरणारं कायच नसतंय. हाय त्ये सगळं उतरवून देतो, एक फोटो इकडचा तिकडं हुणार न्हाई."

"आवाज?"

"आवाजच न्हाई. चालू हाय का बंद, कळायचं न्हाई तुमाला."

जुन्यातलं नव्यात उतरायला वेळ लागणार होता. दर्शी बाहेरच्या बाकावर बसली. समोरच्या माळ्यावर मोठमोठे भोपळे वाळत घातलेले, पोटुशा बायांसारखे निवांत. आतल्या अंगाला कुणीतरी तंबोरा जुळवत होतं. एकच सूर, परत परत, जरा चढवून, जरा उतरवून. ऊन उबदार होतं. तिचे डोळे जडावले. आता, आता तरी येईल, असं वाटेपर्यंत तिला डुलकी लागली. आणि स्वप्नात आलं कोण? तर भोपळ्यांचा भाव करणारा एक टक्कल पडलेला गृहस्थ. ती चिडूनच जागी झाली.

बिराप्पानं लॅपटॉप हातात दिला आणि जुनी हार्डडिस्क एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली. "ठेवा आठवण म्हणून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शीनं बटण दाबलं. राहीबाई आधण ठेवायला वळल्या, आधणाला अजून बुडबुडा आला नव्हता, आणि लॅपटॉप टक्क डोळे उघडून बसला! ना कुरकुर, ना चक्र. दर्शी बघतच राहिली. तोवर पहिलं रेकॉर्डिंग येऊन पडलंसुद्धा. तिनं हेडफोन चढवले. राहीबाई कपबश्या घेऊन आल्या तेव्हा तिच्या कानात डॉक्टर डाव्या फुफ्फुसाविषयी बोलत होते. राहीबाई जरा वेळ उभ्या राहिल्या.

"कर बाई तुजं काम," म्हणाल्या, आणि चहा ठेवून आत गेल्या.

शेवटचा रिपोर्ट गेला तेव्हा राउंडला कितीतरी अवकाश होता. अपेक्षानं फोन करून कौतुक केलं. "बघ! उगीच इतके दिवस छळलंस मला." दर्शीला आनंद झाला, अगदी पोटातून झाला. मग तिनं बाहेर बघितलं. उन्हं उंबरा ओलांडून पडवीत आली होती. म्हणजे आजचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. म्हणतात ना, नव्याचे नऊ दिवस. दर्शीचे नऊसुद्धा भरले नाहीत. तिच्या लक्षात आलं की आपला दिवस आता कोरडा जातोय. चारा कापताना, भांडी घासताना मनात घोळवायला काहीच नाही. मग एका पहाटे तिनं बटणच दाबलं नाही. लॅपटॉप मिटलेला ठेवून, कपबशी हातात घेऊन ती राहीबाईंच्या समोर मांडी घालून बसली. "आत्या, सांगा."

राहीबाई गडबडल्या. पदर सारखा केला, बशी इकडची तिकडं केली. "आज न्हाई पडलं."

दुसऱ्या दिवशी, "न्हाई गं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी तर त्या उठूनच उभ्या राहिल्या. "आता पडतच न्हाईत सपनं. त्या जुन्या डबीतच हुती वाटतं समदी. तू बदलून आलीस न्हवं?" असं म्हणून हसल्या आणि गोठ्याकडं निघून गेल्या.

बोलून गेल्या त्या सुटका करून घ्यायला. पण दर्शीच्या ते काळजात जाऊन बसलं. ती काही अडाणी नव्हती, बी.एस्सी. झालेली होती. लोखंडाच्या डबीत स्वप्नं नसतात, हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि तहान वेगळी. तिनं कपाटातून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली, हार्डडिस्क कानाला लावली. अर्थात काहीच ऐकू आलं नाही. तरी तिनं शाल काढली आणि पॅसेंजर गाठली.

"डोकं फिरलंय का काय ओ ताई तुमचं?" बिराप्पा ओरडलाच. "लोक जुनं काढून नवं घालत्यात, अन् तुमी नवं काढून जुनं? आवं, मरायला टेकलीया ती!"

"टेकू दे. बसवा."

"कामाचं काय करणार मग?"

"बसवा म्हणते ना!"

त्यानं बसवली. बसवताना दोन स्क्रू उलटे फिरवून तिला दाखवले. "ह्ये एवढंच असतंय. उद्या परत मन बदललं तर घरीच बसवा, मला शिव्या घालायला येऊ नका." नवी त्यानं त्याच पिशवीत घालून दिली.

पहाटे दर्शीनं बटण दाबलं. कुर्रकुर्र. पांढरं चक्र उगवलं आणि फिरायला लागलं. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता, तो थांबला. राहीबाई दारात आल्या. हातात चहा नव्हता.

"ही कुठनं आली परत?"

"मी बसवून आणली. आता सांगा. आज पडलं असंल."

फोन थरथरायला लागला. अपेक्षाचं नाव.

"फोन वाजतुया दर्शी."

"वाजू दे."

"कामाचा हाय न्हवं?"

"जाऊ दे काम! जायचं असंल तर जाऊ दे. मला काय करायचंय त्येला? सांगा तुमी, आत्या. उन्हं यायच्या आत सांगा. कुठं भेटला? काय म्हणला?"

फोन वाजून वाजून गप्प झाला आणि लगेच परत सुरू झाला. राहीबाईंनी दाराची चौकट धरली. मग हळूहळू तिथंच खाली बसल्या.

"दर्शी, मला झोपच न्हाई गं."

"म्हंजी?"

"त्यो गेल्यापास्नं न्हाई. डोळं मिटून पडून ऱ्हाते. कोंबडं आरवतंय तवर पडून ऱ्हाते. जिला झोपच न्हाई, तिला सपान कुठनं पडायचं?"

चक्र फिरत होतं. दर्शीला आधी कळेचना. "मग त्ये फडातलं? हळदीतलं?"

"म्या रचलं."

"अन् केसांचं? मला विचारलं हुतं त्यानं..."

"तू कापल्यालं म्या बगितलं हुतं की." राहीबाईंचा आवाज बारीक झाला. "रातभर पडून करायचं तरी काय? उद्याच्याला पोरीला काय सांगू, त्ये जुळवत बसायची. तेवढाच माझा बी येळ जायचा. तू त्या चक्राकडं बगायचीस, त्येची कुरकुर चाललेली असायची, मग मला बोलता यायचं. आता तू सरळ माझ्या तोंडाकडं बगतीस. तुझ्या डोळ्यात बगून खोटं बोलाय न्हाई जमत गं मला. म्हणून म्हणलं, सपनंच गेली."

दर्शी उठली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. इतके महिने! उसाच्या शेंड्यांवरचा, पोत्यांवरचा, खिडकीतून पाणी मागणारा, सगळा या बाईनं घरात बसून केलेला! एकदा तो लोणंदला गेला होता आणि आज इथं पडवीत दुसऱ्यांदा गेला.

"माझी चेष्टा केलीसा तुमी," ती म्हणाली. आवाज फुटला. "त्यापरीस न्हाई सांगायचं. मी काय मागायला आले हुते?"

दर्शी मागच्या दारी गेली, हौदाच्या कठड्यावर बसली आणि मनसोक्त रडली. रडून झाल्यावर तिनं अपेक्षाला फोन लावला. अपेक्षानं आधी चार शब्द सुनावले, मग हिचा आवाज ऐकून मऊ झाली. "आजचं मी निभावते. उद्या मात्र वेळेवर हवं हं प्रिया. उद्या नाही झालं तर माझ्या हातात काही नाही."

दुपारी दर्शीनं शिलाई मशीनच्या खणातला बारका स्क्रूड्रायव्हर काढला, पडवीत फडकं पसरलं आणि लॅपटॉप पालथा घातला. राहीबाई खांबाशी तांदूळ निवडत होत्या. दोघींत सकाळपासून शब्द नव्हता. पहिला स्क्रू निघाला आणि कुठं ठेवावा म्हणून दर्शी इकडं तिकडं बघायला लागली, तर समोर एक तळहात आला. राहीबाई सूप बाजूला सारून सरकत जवळ आल्या होत्या. दर्शीनं स्क्रू त्या तळहातावर ठेवला. मग दुसरा.

तिळाएवढे ते स्क्रू हातावर नाचत होते, आणि ते सांडू नयेत म्हणून राहीबाई दुसऱ्या हातानं मनगट धरून बसल्या होत्या. दर्शीनं वर बघितलं. इतके दिवस ती यांच्याकडं बघत होती ती शिवतेजची बातमी आणणारी बाई म्हणून. तोंडाकडं असं कधी बघितलंच नव्हतं. डोळे खोल गेलेले, कडा लाल, पापण्या सुजलेल्या. किती रात्री! एकेक रात्र टक्क जागून या बाईनं आपला मेलेला मुलगा पहिल्यापासून जोडला होता, त्याला चालवला होता, हसवला होता, आणि पहाटे उठून सुनेच्या ओंजळीत घातला होता. स्वतःला काय ठेवलं होतं? काही नाही.

राग पुरता गेला होता असं नाही म्हणता येणार. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते जास्त जड होतं.

"द्या इकडं," ती म्हणाली. नवी डिस्क खाचेत सरकवली, दोन्ही स्क्रू फिरवले. लॅपटॉप सुलटा केला, बटण दाबलं. लगेच सुरू झाला.

"बरं झालं बाई," राहीबाई म्हणाल्या, आणि परत तांदूळ ओढून बसल्या.

त्या रात्री दर्शी गाढ झोपली. स्वप्न पडलं, नाही असं नाही. एसटीचा कंडक्टर आला होता, सुट्टे मागत होता. दुसरं कुणी नाही.

पहाटे तिनं स्वतः चहा केला. दोन्ही कपबश्या पडवीत आणल्या. लॅपटॉप मिटलेलाच शेजारी ठेवला. तो आता हाकेसरशी उठणार होता. इतका वेळ त्यानं वाचवला होता, तर त्यातला थोडा आपण खर्च केला तर काय बिघडतंय? राहीबाई भिंतीला टेकून अंग चोरून बसल्या होत्या. आज काही बोलायचं नाही, हे दोघींनाही ठाऊक असल्यासारख्या.

दर्शीनं त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"आत्या, आज माझ्याकडं आला हुता."

राहीबाईंचा हात बशीवर थांबला. त्यांनी सुनेकडं बघितलं, चांगलं निरखून बघितलं. ज्या बाईनं इतके महिने हेच केलं, तिला काय कळायचं राहणार होतं? पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. हसल्याही नाहीत.

"कुठं भेटला?"

"माहुलीच्या घाटावर. संगमाचं पानी थांबलेलं, आरशागत. अन् ह्यो पाण्यावर अंथरूण घालत हुता."

"पाण्यावर?"

"व्हय. आधी घोंगडं आथरलं, मग वाकळ, मग धुतलेली चादर. मी पायरीवर हुबी. म्हणलं, कुणाला ओ एवढं मऊ अंथरूण? तर म्हणला, आईला. लय दिवस झालं, झोपली न्हाई ती."

राहीबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, ते लपवायला असेल कदाचित. "मग?" म्हणाल्या.

"मग सुरकुत्या काढत बसला. तुमाला ठाव हाय, फौजेतलं माणूस, एक सुरकुती खपायची न्हाई. ह्या टोकाची काढली की त्या टोकाला पडायची. तिकडं गेला की इकडं. घाटावरच्या पायऱ्या भिजल्या नव्हत्या, त्येचं पाय भिजलं नव्हतं..."

"मग?" हे विचारलं ते जवळजवळ श्वासातच.

"मग चादरीचं एक टोक दातात धरलं अन्..."

दर्शी थबकली. हे तिनं रचलं नव्हतं. दातांत चादरीचं टोक, भुवया आवळलेल्या, कपाळावर आलेली बट, डाव्या गालावर उशीचा वळ. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात गादीला चादर घालताना असाच उभा होता तो, आणि ती हसत होती. चेहरा! सगळाच्या सगळा! तिला वाटलं, आपण जरा हललो तर जाईल, म्हणून ती अजिबात हलली नाही.

राहीबाईंनी पुढं "मग?" म्हटलं नाही. त्यांची मान एका बाजूला कलली होती, ओठ जरासे उघडे पडले होते. छाती संथ वरखाली होत होती. हातातली बशी तिरपी झाली होती. दर्शीनं ती अलगद काढून घेतली, तरी बोटं मिटली नाहीत.

आपण सांगायचं थांबलो तर या जाग्या होतील, अशी धास्ती तिला वाटली. आवाज न वाढवता, न उतरवता ती बोलत राहिली. चादर नीट बसली. मग त्यानं उशाला आपला हिरवा स्वेटर घडी करून ठेवला. मग वाऱ्याला सांगितलं, दबकत जा. डाव्या हातानं तिनं लॅपटॉप उघडला, पहिलं रेकॉर्डिंग येऊन थांबलेलं दिसलं. थांबू दे जरा, राउंडला वेळ आहे.

दूध न्यायला रिकामी किटली घेऊन शेजारची मनुबाई अंगणात आली आणि नेहमीसारखी हाक मारायला तिनं तोंड उघडलं. दर्शीनं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प बसवलं, किटली तिथंच ठेवायला खुणावलं, आणि शिवतेज अंथरूण घालून झाल्यावर उशाशी बसला, ते पुढं सांगायला लागली.